आधी पट्टे बघा, इंजिन मागाहून

प्रश्न थोडक्यात असा: एका बंद शेडमध्ये दोन जुन्या लष्करी बर्फगाड्या विकायला निघाल्या आहेत. एक एम-२९सी वीझल, पुढच्या-मागच्या तरंगटाक्या कुणीतरी कापून काढलेल्या, इंजिन जाम. दुसरी अॅलिस-चाल्मर्सची एम-७, पुढे स्की, मूळ रंग बराचसा शाबूत, चाकांभोवती फिरणारे पट्टे जागेवर पण त्यांचं रबर लाकडासारखं कडक झालेलं. घेणाऱ्याला दोन्ही गाड्या युद्धातल्यासारख्या कोऱ्या करकरीत करून बर्फात पळवायच्या आहेत. ते करावं का, आणि आधी कोणती हातात घ्यावी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. परवडत असेल तर दोन्ही घ्या. वीझल चालती करा. एम-७ ला रंगाचा ब्रशसुद्धा लावू नका.

आता कारणं. या गाड्यांबद्दल विचारणारे दहापैकी नऊ जण पहिला प्रश्न इंजिनाचा करतात: "जाम आहे, सुटेल का?" सुटेल, नाही सुटलं तर दुसरं मिळेल. कारण इंजिन या गाड्यांचं स्वतःचं नव्हतंच. वीझलमध्ये स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन आहे. एम-७ मध्ये विलिस जीपचं. सोव्हिएत एनकेएल-२६ या पंख्यावर चालणाऱ्या लष्करी घसरगाडीत एम-११ हे विमानाचं इंजिन, पीओ-२ या दुपंखी विमानात असायचं तेच. कॅनडाच्या 'पेंग्विन' या चिलखती बर्फगाडीत कॅडिलॅकचं व्ही-८. स्वीडनच्या स्नो-ट्रॅकमध्ये फोक्सवॅगन, बांडवाग्न २०२ मध्ये व्होल्वो. बर्फगाडी बनवणारा प्रत्येक जण इंजिन, गिअरबॉक्स, डायनामो दुसऱ्याकडून उचलत आला आणि स्वतःचं डोकं त्यानं फक्त एका गोष्टीत घातलं: बर्फाला जे टेकतं त्यात. म्हणजे पट्टा, चाकं, स्की, आणि पट्टा फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. नेमकं तेच दुसऱ्या कुठल्याही गाडीला बसत नाही, आणि नेमकं तेच रबराचं असल्यामुळे सगळ्यात आधी मरतं.

म्हणून बॉनेट उघडू नका. टॉर्च घ्या आणि गाडीखाली आडवे व्हा.

वीझलचा पट्टा कसा बनलाय ते समजून घ्या. आत पोलादी तारांचे दोर घातलेले रबरी पट्टे गोल फिरतात आणि त्यांच्यावर आडव्या पोलादी पट्ट्या बोल्टनं बसवलेल्या असतात. सुरुवातीच्या गाड्यांना १५ इंच रुंदीचा पट्टा होता, नंतर तो २० इंचांचा झाला. गाडीचं वजन इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरतं की जमिनीवरचा दाब चौरस इंचाला दोन पौंडांच्याही किंचित आत राहतो. माणसाच्या बुटाखाली याहून जास्त दाब असतो, म्हणून माणूस गुडघाभर रुततो तिथं ही दोन टनांच्या आतबाहेरची गाडी वरून निघून जाते. हा सगळा चमत्कार त्या रबरी पट्ट्यावर अवलंबून आहे आणि त्याचं वय आज ऐंशी वर्षं आहे.

जुनं रबर बाहेरून फसवतं. वरून काळं, गुळगुळीत, "अजून दहा वर्षं जाईल" असं वाटायला लावणारं. पण बारीक भेगांतून पाणी आत झिरपलेलं असतं आणि तारा आतल्या आत गंजून तुटलेल्या असतात. तपासायची माझी पद्धत सोपी आहे. स्प्रॉकेटवर जिथं पट्टा वळतो तिथल्या भेगा बघायच्या. त्यांतून तांबूस डाग ओघळलेले दिसले की आतली तार संपली असं धरायचं. मग दोन आडव्या पट्ट्यांच्या मधला भाग अंगठ्यांनी हळूच वाकवायचा आणि कान लावायचा. करकर आवाज आला तर तो पट्टा फक्त उभ्या गाडीखाली ठेवण्याच्या लायकीचा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पहिल्या वीझलचे पट्टे दिसायला देखणे होते. इंजिन करायला एक हिवाळा घालवला, दुसऱ्या हिवाळ्यात ताज्या बर्फात उतरलो आणि तिसऱ्या वळणावर डावा पट्टा सुतळीसारखा तुटला. सुटलेल्या टोकानं बाजूचा पत्रा फाडला, दोन चाकांच्या कडा वाकवल्या. इंजिन मात्र छान चालत होतं.

मग नवे पट्टे कुठून आणायचे? वीझलसाठी नवे पट्टे ओतून देणारे काही मोजके कारागीर आहेत, कारण या गाड्या संख्येनं बऱ्याच होत्या: एम-२९ आणि एम-२९सी मिळून १५ हजारांच्या आसपास बनल्या. ते परवडले नाहीत तर लोक कन्व्हेयर बेल्टचा आधार घेतात. मीही घेतलाय आणि तो चालतो, पण त्याच्या तीन खोड्या आहेत. कापडी थरांचा बेल्ट ताणतो, पोलादी तारांचा ताणत नाही. कापडी वापरला तर पहिल्या मोसमात ताण वरचेवर बघावा लागतो. छिद्रं ड्रिलनं पाडू नका, पंचानं पाडा, नाहीतर कडांवरचे धागे सुटतात, पाणी धरतात आणि गोठून थर उलगडत जातात. आणि तिसरी, सगळ्यात महागात पडणारी: छिद्रांमधलं अंतर. एका पट्टीमागे अर्धा मिलिमीटर चुकला आणि पट्ट्या पन्नासच्या वर असल्या, तर पूर्ण फेऱ्यात अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. स्प्रॉकेटचे दात मग खाचेत बसण्याऐवजी पट्टीच्या कडेवर चढतात. पोलादाचा एक साचा करून घ्या आणि प्रत्येक छिद्र त्याच साच्यातून पाडा. टेपनं मोजून पाडणाऱ्यांचे पट्टे मी स्वतः भंगारात टाकलेत.

पट्टे जमले की वीझलचं अर्धं काम झालं. चाकांवरचं रबर बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या गाडीच्या चाकांना सपाट बाजू पडलेली असते. आडवे कमान-पाटे तुटलेले असतील तर ते बनवून मिळतात. त्यानंतर डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन पट्ट्यांत वाटणारा गिअर. वीझल दोन उभ्या लिव्हरांनी वळते. लिव्हर ओढला की त्या बाजूचा ब्रेकबँड आवळतो आणि तो पट्टा मंदावतो. हे बँड तेलात बुडालेले असतात. तेलात पाणी गेलेलं असेल तर तेल दुधाळ दिसतं, आणि मग बेअरिंगं बघितल्याशिवाय गाडी ढकलायचीसुद्धा नाही.

इंजिनाबद्दल फार बोलत नाही. एकच सांगतो: सोडवण्याच्या आधी ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगाला, तडा आहे का ते बघा. पाणी न काढता थंडीत सोडलेल्या इंजिनाचा ब्लॉक पाण्याच्या कप्प्याच्या बाजूला फुटतो आणि तो तडा गंजाखाली लपलेला असतो. व्हॉल्व्हची बैठक ते सिलिंडर या मधल्या भागातही बघा. बाहेरचा तडा धातूचे टाके घालून बुजवता येतो. आतला असेल तर दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त पडतं, कारण चॅम्पियन मोटारी भरपूर बनल्या होत्या. जाम पिस्टनवर हातोडा चालवू नका. प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल सोडा, आठवडाभर विसरा, मग फ्लायव्हीलवरून दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. लष्कराची मूळ पुस्तिका टीएम ९-७७२ मिळवा. तीत प्रत्येक बोल्टची जागा आहे, आणि अर्ध्या शंका तिथंच मिटतात.

आता कापलेल्या टाक्या. एम-२९सी पाण्यावर तरंगायची ती त्या टाक्यांमुळे. मागे दोन सुकाणू असायची आणि पट्टेच पाणी मागे लोटून तिला ताशी पाच-सहा किलोमीटरनं पुढे नेत. नव्या टाक्या करून बसवाव्यात का? माझ्या मते घाई नको. टाक्या कापणाराही या गाडीच्या इतिहासातलाच माणूस आहे. युद्धानंतर या गाड्या जंगलात, वीजतारांच्या कामावर, ध्रुवीय मोहिमांवर राबल्या. पॉल-एमिल व्हिक्टरच्या फ्रेंच मोहिमांनी त्या ग्रीनलंडमध्ये आणि अंटार्क्टिकावरच्या अडेली लँडमध्ये वापरल्या. १९४९ ते १९५२ च्या नॉर्वे-ब्रिटन-स्वीडन मोहिमेत त्या होत्या. १९५१ साली तिच्या अंटार्क्टिकावरच्या मॉडहाइम तळाजवळ धुक्यात एक वीझल बर्फाच्या कडेवरून समुद्रात गेली आणि तीन माणसं बुडाली. व्हिव्हियन फुक्सच्या १९५७-५८ च्या अंटार्क्टिका-पार मोहिमेत टकर स्नो-कॅट जातीच्या चार बर्फगाड्यांबरोबर वीझलही निघाल्या होत्या, पण पलीकडे पोचल्या त्या स्नो-कॅटच. तुमच्या गाडीनं १९४५ नंतर काय केलं ते कळल्याशिवाय तिला जबरदस्तीनं १९४४ मध्ये परत पाठवू नका. कापलेल्या कडांवर घरगुती वेल्डिंग असेल, एखादी बसवलेली केबिन असेल, नारिंगी रंगाचा थर असेल, तर त्यांतून एखाद्या मोहिमेचा माग लागू शकतो.

आणि खरं सांगायचं तर "युद्धातल्यासारखी" म्हणजे नेमकी कशी, हाही प्रश्नच आहे. ही गाडी मुळात नॉर्वेच्या बर्फासाठी जन्मली. १९४२ साली जेफ्री पाइक या इंग्रजाच्या डोक्यातून कल्पना निघाली, शत्रूच्या पाठीमागे बर्फात उतरून धुमाकूळ घालायची. त्याच्या मनात पट्टे नव्हतेच, फिरत्या मळसूत्रांवर चालणारं यंत्र होतं. अमेरिकेत स्टुडबेकरनं ते पट्ट्यांवर आणलं. त्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या कोलंबिया आइसफील्डवर नमुने तपासले गेले. आणि नॉर्वेची मोहीम रद्द झाली. ज्या बर्फासाठी गाडी केली तिथं ती त्या कामाला कधी गेलीच नाही. ती राबली इटलीच्या चिखलात, हॉलंडमधल्या वाल्खेरन बेटाच्या पाण्यात, जपानच्या इवो जिमा बेटावरच्या ज्वालामुखी राखेत. पांढऱ्या रंगाची चकचकीत वीझल बघितली की मला म्हणूनच थोडं हसू येतं.

रंगावर आलोच आहे तर माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या वीझलच्या वेळी मी पूर्ण सांगाडा सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं रंग उडवायला, दिला. परत आला तो चांदीसारखा. मग जुने फोटो बघताना लक्षात आलं की डाव्या बाजूला रंगाच्या तिसऱ्या थराखाली स्टेन्सिलची अक्षरं अर्धवट दिसत होती. तुकडीचा क्रमांक असेल, नसेल. आता कळायला मार्ग नाही. पत्राही पातळ असल्यामुळे जोराच्या माऱ्यानं तो दोन ठिकाणी लाटांसारखा झाला होता. तेव्हापासून मी आधी हाताच्या तळव्याएवढी जागा बारीक पॉलिशपेपरनं, पाण्यात भिजवून, थराथरानं घासतो. खाली अक्षरं लागली तर तिथंच थांबतो. धूळ उडू द्यायची नाही हे वेगळं: त्या काळच्या रंगात शिसं असतं, गॅस्केट आणि ब्रेकलायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस, आणि डॅशबोर्डच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियम असू शकतं. तबकडीची काच उघडायची नाही, खरवडायची तर मुळीच नाही.

हे सगळं वीझलबद्दल. तिला मी चालवायला सांगतो, कारण तशा पुष्कळ आहेत, सुटे भाग मिळतात आणि एखादी बिघडली म्हणून जगातलं ज्ञान कमी होत नाही. तिचीच मोठी बहीण एम-२८, म्हणजे मागे इंजिन असलेली आधीची आवृत्ती, साडेसातशेच्या आसपासच बनली. ती सापडली असती तर माझा सूर बदलला असता.

एम-७ च्या बाबतीत तो बदलतोच. या गाड्या बनल्याच २९१. बर्फाळ भागात पडलेल्या विमानांतल्या माणसांपर्यंत पोचायला म्हणून मागवलेल्या, मागे पट्टे आणि पुढे स्की, आणि बर्फ नसेल तर स्कीच्या जागी चाकं. इंजिन जीपचं, म्हणजे ते उद्याही मिळेल. पण पट्टे, स्कीचे सांधे, मागची चाकं हे फक्त या २९१ गाड्यांचं होतं. तुमच्याकडे मूळ पट्टे मूळ जागेवर आहेत. ते कडक आहेत म्हणून तुम्हाला त्यांची किंमत कमी वाटते. मला उलट वाटतं. तो कडक पट्टा हा शिल्लक नमुना आहे. पुढे कुणाला एखादी एम-७ चालती करायची असेल तर त्याला रबराचे थर, तारांची जाडी, आडव्या पट्ट्यांचं अंतर यावरूनच मोजावं लागेल. तुम्ही ती चालवली तर पहिल्या शंभर मीटरमध्ये तो नमुना फाटेल.

मग एम-७ चं करायचं काय? सुकी ठेवायची. पट्ट्यांवरचा भार काढायचा: गाडी लाकडी ओंडक्यांवर उचलून घ्यायची, पट्ट्यांचा ताण सैल करायचा, पण पट्टा काढायचा नाही, कारण ज्या घडीत तो वर्षानुवर्षं आहे त्या घडीतून बाहेर काढताना तो तुटतो. ऊन पडू द्यायचं नाही. रबर मऊ करायच्या नावाखाली विकली जाणारी तेलं लावायची नाहीत. गंज थांबवायचा, पण रंग चढवायचा नाही; सैल रंगाच्या कडा स्थिर करायला संग्रहालयांत वापरतात तसा, पुढे काढता येईल असा मेणाचा हात पुरतो. इंजिनात तेल सोडून वर्षातून दोनदा हातानं फिरवा, तेवढ्यानं ते जिवंत राहील. फारच खाज असेल तर बर्फात पळवायला हिच्या मापांवरून वेगळी प्रतिकृती करा आणि मूळ गाडी पट्ट्यांसकट तशीच जपून ठेवा. दोन-तीन वर्षांचं काम आहे, पण मूळ काही गमवावं लागत नाही.

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, २०१२ मध्ये ट्यूरिनला एक सनद केली. जपणं, सांभाळणं आणि पुन्हा उभारणं हे वेगवेगळे प्रकार आहेत आणि हात जितका कमी लावाल तितकं बरं, असा तिचा रोख. मला सगळ्याच सनदा थोड्या पुस्तकी वाटतात, गॅरेजमध्ये त्या कुणी भिंतीवर लावत नाही. पण एम-७ समोर उभी असेल तर मी ती लावीन.

सोव्हिएत घसरगाड्यांबद्दलही अधूनमधून विचारणा होते म्हणून दोन शब्द. एनकेएल-२६ ची काया प्लायवूडची आणि मागे उघडा पंखा. लाकूड आणि सरस दोन्ही म्हातारे झालेले. मूळ लाकडाची घसरगाडी चालवायची नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. हौस असेल तर नव्या लाकडाची करा आणि पंख्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. पेंग्विनचं उदाहरण याच्या उलट आहे. १९४६ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या मस्क-ऑक्स या लष्करी सरावात चर्चिलहून एडमंटनपर्यंत, आर्क्टिकला वळसा घालून, पाच हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास त्या गाड्यांनी केला. ते कणखर यंत्र आहे, तरी मोजकीच उरली आहेत. मिळालं तर पुन्हा तोच हिशेब, आधी पट्टे.

चालत्या वीझलबद्दल थोडं. डांबरी रस्त्यावर नेऊ नका. वळताना घर्षणानं नवे पट्टेसुद्धा एका दुपारीत फाटतात. कडक बर्फ आणि दगड टाळा, मऊ खोल बर्फ हेच तिचं घर. जागेवर गरागरा वळवून दाखवू नका, ती रणगाडा नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या पंपाचा पडदा खातं, तेव्हा पडदा नव्या जातीच्या रबराचा बसवा. आणि गोठलेल्या तळ्यावर नेण्याआधी मॉडहाइमच्या त्या तिघांची आठवण काढा. तरंगटाक्या नसलेल्या वीझलचा पाण्यात काही भरवसा नाही.

व्यवहाराआधी कागद बघून घ्या. गाडी कुठल्या मोहिमेनं मागे सोडलेली असेल, किंवा देशाबाहेर न्यायची असेल, तर अनेक देशांत वारसा-वस्तूंचे निर्बंध लागतात. अंटार्क्टिकावरून कुणी काही "आणून देतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. शस्त्र बसवायची खुंटी असेल तर तिचाही कायदा तुमच्या देशात काय आहे ते विचारा.

आणि शेडमधून बाहेर काढायच्या दिवशी. साखळी लावून ट्रॅक्टरनं ओढू नका. तिथंच सगळ्यात जास्त पट्टे तुटतात: डिफरन्शिअल जाम, पट्टा फिरत नाही, आणि ओढणारा जोर लावत राहतो. आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, खालची माती चाळा, पडलेला प्रत्येक बोल्ट आणि रबराचा तुकडा पिशवीत घालून त्यावर जागा लिहा. मग जॅकनं उचला, खाली चाकांच्या ट्रॉल्या सरकवा आणि दोन्ही गाड्या त्या ट्रॉल्यांवरूनच बाहेर आणा. वीझलच्या वेळी थोडी गडबड झाली तर चालेल. एम-७ चे पट्टे मात्र त्या दिवशी एक इंचही फिरू देऊ नका.